शांत नाडीचा पायलट

तिसऱ्यांदा विमान नाकावर आपटलं, चेंडूसारखं उसळलं आणि पुन्हा वर निघून गेलं, तेव्हा खाली मांडवातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्यांना वाटलं, पोरगा करामती दाखवतोय.

मी टॉवरमध्ये होते. टॉवर म्हणजे आमच्या फ्लाइंग स्कूलच्या हँगरच्या डोक्यावर बसवलेली काचेची खोली. माझ्या हातात पाण्याच्या ग्लासांचा ट्रे होता. खाली मांडव, मांडवात भाड्याचे सोफे, सोफ्यांवर मुंबईहून आलेले पाहुणे. पहिल्या रांगेत निनादची आई बसली होती, अकोटहून एसटीनं आलेली. तीही टाळ्या वाजवत होती. सगळ्यांत जोरात तीच.

"सर," रेडिओतून निनादचा आवाज आला, "परत उसळलं, सर."

"काही हरकत नाही," त्याचे प्रशिक्षक कॅप्टन उपासनी माईकमध्ये म्हणाले. "एक चक्कर मारून ये. घाई करायची नाही."

घाई होती. सूर्य टेकडीमागं गेला होता आणि आमच्या धावपट्टीला दिवे नव्हते. दिवे असलेला विमानतळ जवळात जवळ नागपूरला, आणि पहिल्यांदा एकट्यानं उडणाऱ्या पोराला तिकडं कोण धाडणार? रस्ता दाखवायला शेजारी कुणी नव्हतं. पहिला सोलो म्हणजे तेच असतं. प्रशिक्षक उतरतो, दार लावतो आणि तुम्ही एकटे वर जाता, एक फेरी मारून खाली येता. दहा मिनिटांचा कारभार. तो दुपारी व्हायचा होता. पण प्रमुख पाहुण्यांना उशीर झाला, मग शाल-श्रीफळ, मग आमच्या संचालकांचं, सबनीसांचं, भाषण. सबनीस माईक धरला की सोडत नसत. निनाद बिचारा पट्टा बांधून विमानात घामाघूम होऊन बसला होता.

हा सगळा तमाशा 'परख'साठी होता.

परख ही यंत्रणा. छातीला एक पट्टा, डोळ्यांना एक चष्मा, आणि विमानात एक डबी. पट्टा नाडी मोजायचा, श्वास मोजायचा. चष्मा तुम्ही कुठं बघता ते टिपायचा. डबी विमानाचा वेग, उंची, चाकं जमिनीला टेकताना बसलेला धक्का, सगळं लिहून ठेवायची. मग कॉम्प्युटर ठरवणार की कुणाला किती उडवायचं, काय शिकवायचं आणि सोलोला कधी सोडायचं. सबनीस म्हणायचे, "आता सगळ्यांना एकच सदरा नाही. ज्याला त्याला त्याच्या मापाचं प्रशिक्षण!" माप घेणारा शिंपी कोण, ते कुणी विचारलं नाही.

निनाद गोतमारे: लँडिंग उत्कृष्ट, नाडी शांत. हिरवा.

सुकेशिनी खोब्रागडे: लँडिंग अस्थिर, नाडी अतिवेगवान. लाल.

ती मी. माझ्या मापाचं प्रशिक्षण म्हणजे सिम्युलेटरच्या खोलीत बसायचं आणि डोळे मिटून श्वासाचे व्यायाम करायचे. विमान महिन्यातून कधीतरी. माझ्या मागून आलेले सोलो करून मोकळे झाले, मी नाकपुड्या दाबत बसले. सबनीसांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, "खोब्रागडे, प्रत्येक शरीर उडण्यासाठी नसतं. हे मी नाही म्हणत. आकडे म्हणतात." माझा बाप चंद्रपूरच्या कोळसा खाणीत डंपर चालवतो. आमची शरीरं कशासाठी असतात ते आम्हाला फार आधीपासून सांगत आलेत लोक. तेव्हा निदान 'मी म्हणतो' म्हणायची हिंमत होती त्यांच्यात.

आणि निनाद मला मेसमध्ये चिडवायचा. "सुके, तुह्या छातीत ट्रॅक्टर हाय का वं?"

"अन् तुह्या छातीत काय हाय? फ्रिज?"

"हिरवा माणूस हाय मी. जरा इज्जतीनं बोल."

त्याच्यावर रागवता यायचं नाही. माझ्यासाठी तो कॅप्टनशी भांडला होता, "सर, तिले एक चान्स द्या नं" म्हणून. त्याच्या पहिल्या सोलोच्या दिवशी लाल लोकांना पाहुण्यांच्या सरबराईचं काम होतं. म्हणून मी ट्रे घेऊन वर आले आणि वरच अडकले.

जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. सबनीस आत आले. सूट, घाम, अत्तराचा वास.

"काय चाललंय, उपासनी? तीनदा?"

"उतरेल. पहिल्या वेळी होतं असं."

"मी मांडवातला स्पीकर बंद केलाय. पडद्यावर फिल्म लावायला सांगितलीय. पण अंधार पडायला लागला की लोक विचारणार." ते कोपऱ्यातल्या केयूरकडे वळले. केयूर म्हणजे परख बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर, पुण्याहून आलेला, लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेला. "तुमचं यंत्र काय म्हणतं?"

"नाडी एकशे सत्तरच्या वर गेलीय, सर. याची इतकी कधीच गेली नव्हती." केयूरनं स्क्रीन आमच्याकडे वळवला. निनादचं नाव अजून हिरवंच होतं. खाली सूचना लुकलुकत होती: दीर्घ श्वास घ्या.

"हे त्याला दिसतंय का?" मी विचारलं.

"चष्म्यात दिसतं. कोपऱ्यात."

मरणाऱ्याच्या डोळ्यासमोर 'दीर्घ श्वास घ्या' लिहून येतं, ते यंत्र विकायला हे लोक मुंबईहून पाहुणे बोलावतात.

"आधी तो चष्मा निघू दे," कॅप्टन ओरडले, आणि लगेच माईकमध्ये शांत आवाजात, "निनाद, चष्मा काढून टाक. माझं ऐक. छान येतोयस. असाच ये."

चौथ्यांदा तो आला. काचेतून मी बघत होते. आता आकाश राखेच्या रंगाचं झालं होतं. पंखाच्या टोकावरचे दिवे दिसत होते, पंख नाही. येणं सुंदर होतं, रेघ ओढल्यासारखं. वेग बरोबर, उंची बरोबर. फक्त शेवटचं एक काम राहतं. धावपट्टी अगदी खाली आली की हातातलं स्टिअरिंगसारखं चाक छातीकडे ओढून विमानाचं नाक वर उचलायचं, म्हणजे मागची दोन चाकं आधी टेकतात. नाही उचललं तर पुढचं एकटं नाजूक चाक आपटतं.

"आता ओढ," कॅप्टन म्हणाले. "ओढ. ओढ, ओढ, ओढ!"

धाड.

उसळी. इंजिनाची किंचाळी. वर. खाली टाळ्या झाल्या, पण तुरळक.

"सर, ओढलं नं मी!" निनाद रडकुंडीला आला होता. "रोजच्याइतकंच ओढून राह्यलो सर! रोजच्यासारखंच करून राह्यलो! मंग आजच कायले नाक वर नाही येत?"

मी कॅप्टनांकडे बघितलं. डाव्या हातात माईक होता. उजवा हात टेबलाच्या कडेवर होता. दोन बोटं कडेच्या खालून अडकवलेली, पांढरी पडलेली. विमान खाली येत असताना त्या दोन बोटांनी ते टेबल स्वतःकडे ओढत होते.

माझ्या हातातला ट्रे मी खाली ठेवला.

विमानात हातात धरायची दोन चाकं असतात, डावीकडे विद्यार्थ्याचं, उजवीकडे प्रशिक्षकाचं. दोन्ही आतून एकमेकांना जोडलेली. एकानं ओढलं की दुसरंही मागं येतं. माझ्या पहिल्या-पहिल्या उड्डाणांत एकदा मला वाटलं होतं, चाक हलकं कसं लागतंय? आपोआप कसं येतंय? बघितलं तर कॅप्टनांची दोन बोटं त्यांच्या चाकाखाली. मी म्हणाले होते, "सर, हात काढा. मला करू द्या." त्यांना ते आवडलं नव्हतं, पण हात त्यांनी काढला होता. त्यानंतर माझी सगळी लँडिंग वाईट होती. धडधडीत वाईट. आणि नाडी छाती फोडून बाहेर यायची.

"सर," मी म्हणाले, "तुम्ही त्याच्याबरोबर ओढत होतात."

"काय?"

"रोज. त्याला रोजचं जितकं वाटतं, ते अर्धंच त्याचं आहे. अर्धं तुमचं."

"मूर्खासारखं बोलू नकोस."

"खोब्रागडे, खाली जा," सबनीस म्हणाले.

"पण असं नसणार," केयूर लॅपटॉपकडे बघत म्हणाला. "प्रशिक्षकानं कंट्रोल घेतला की त्यानं त्याच्या चाकावरचं लाल बटण दाबायचं असतं. ते नोंदलं जातं. गोतमारेच्या एकाही लँडिंगला बटण दाबलेलं नाही. शून्य हस्तक्षेप. म्हणून तर तो हिरवा."

"बटण दाबलं तर कुणाचे मार्क जातात?" मी विचारलं.

केयूरनं लॅपटॉप अर्धा मिटला.

"सांग नं. प्रशिक्षकाचेच जातात ना? ज्याचे हस्तक्षेप जास्त, तो प्रशिक्षक लाल. तुम्हीच केलं ते. मग कोण दाबणार?"

केयूरनं सबनीसांकडे बघितलं. तो नियम सबनीसांनी मागून घेतला होता, त्याच्या चेहऱ्यावरच ते लिहिलेलं होतं.

"सगळेच धरतात हात," कॅप्टन हळू आवाजात म्हणाले. माझ्याशी नाही, काचेशी. "थोडा आधार द्यावा लागतो. सायकल शिकवताना मागून धरतो तसा. पोराचा धीर खचू नये. हळूहळू सोडायचा असतो हात. मी सोडणारच होतो. पण यंत्रानं त्याला तयार ठरवलं आणि तारीख पडली, पाहुणे ठरले..."

"मग सांगा त्याला! आत्ता सांगा! तो रोजच्याइतकं ओढत राहील आणि आपटत राहील. पुढचं चाक किती वेळा झेलणार?"

"कॅप्टन," सबनीस एकेक शब्द मोजून बोलले, "या रेडिओवरचं अक्षरन् अक्षर रेकॉर्ड होतं. तुम्ही काय बोलताय त्याचा विचार करा. तुमचं लायसन्स आहे. इथल्या प्रत्येक मुलाची नोंद मग खोटी ठरेल. फक्त 'जास्त ओढ' म्हणा ना. कारण कशाला सांगायला पाहिजे?"

"चार वेळा म्हणाले ते जास्त ओढ!" मी ओरडले. "त्याचा हात ऐकत नाही. त्याच्या हाताला वाटतंय आपल्याला येतं!"

बाहेर त्याचे दिवे धावपट्टीला समांतर चालले होते. खाली मांडवात कुणीतरी मोबाईलचा टॉर्च लावला. ते बघून दुसऱ्यानं लावला. निनादची आई उभी राहिली होती. आता ती टाळ्या वाजवत नव्हती.

कॅप्टन माईक तोंडाजवळ नेत आणि खाली घेत. दोनदा तसं झालं. मी तो त्यांच्या हातातून ओढून घेतला. सबनीसांनी माझा दंड धरला. मी झटकला. कोपर कुठं लागलं ते मी बघितलं नाही, लागलं असेल तर बरंच झालं.

"निनाद, सुकी बोलून राह्यली."

"सुके? तू टॉवरमध्ये कायले?"

"ऐक. रोजचं विसर. रोज तुह्यासोबत सरांचा हात होता. खालून. दोन बोटं. तू अर्धंच ओढत होता. आता पूर्ण तुले एकट्याले ओढा लागते."

खरखर. मग त्याचा आवाज, वेगळाच, कधी न ऐकलेला.

"काहीही नोको बोलू. माहे लँडिंग माहे हायेत."

"निनाद..."

"तुले जळून राह्यलं. लाल हायेस तू. मी वर मरून राह्यलो अन् तुले आत्ता हे सुचते?"

त्याच्या जागी मी असते तर तेच म्हणाले असते. माणूस मरायला टेकला तरी आपलं एक चांगलं काम सहजासहजी परत देत नाही.

"सरांना दे," तो म्हणाला. "सर? सर, हे खरं हाय का?"

मी माईक कॅप्टनांपुढे धरला. सबनीस मान हलवत होते, नाही, नाही, नाही. कॅप्टन उपासनींचा चेहरा काचेत दिसत होता आणि त्याच्या आरपार त्या विमानाचा दिवा जात होता.

"हो," ते म्हणाले.

"काय?"

"खरं आहे. शेवटचं ओढणं माझं होतं."

"कधी कधी?"

"प्रत्येक वेळी, निनाद."

विमान धावपट्टीच्या टोकापर्यंत गेलं. तिथं त्यानं डावीकडे वळायला हवं होतं. तो वळला नाही. सरळ पश्चिमेला जात राहिला, काळ्या टेकडीकडे. दिवा लहान होत गेला.

"वळ," कॅप्टन म्हणाले. "निनाद, डावीकडे वळ. निनाद, बेटा, वळ." आजवर त्यांनी कुणाला बेटा म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. "समोर टेकडी आहे. वळ."

काही नाही. केयूर लॅपटॉप बाजूला ठेवून उभा राहिला होता. सबनीस खुर्चीत बसले. मी माईक घेतला आणि नुसतं त्याचं नाव घेत राहिले. निनाद. निनाद. ए निनाद. तुही आई खाली उभी हाय रे.

दिवा हलला. डावीकडे वळला.

"किती ओढायचं?" त्याचा आवाज आला.

"दुप्पट," कॅप्टन म्हणाले. "दोन्ही हातांनी. जड लागेल. तुला वाटेल काहीतरी बिघडलंय, इतकं जड. बिघडलेलं नसतं. ते तितकं जडच असतं. मी तुला कधी कळू दिलं नाही."

मैदानावर आता दिवे लावून दोन जीपगाड्या धावपट्टीच्या तोंडाशी उभ्या केल्या होत्या. मधे काळोख. त्या काळोखात तो उतरणार होता.

"सुके," तो म्हणाला. "हायेस का?"

"हाय."

"छातीत लय जोरात होऊन राह्यलं."

"ट्रॅक्टर?"

"हो."

"मंग बरोबर हाय," मी म्हणाले. "विमान तू चालवून राह्यला. म्हणून होते तसं. माह्यं रोज होते."

हे बोलल्यावर माझं मलाच कळलं. महिनोन् महिने ज्याला हे लोक माझा दोष म्हणत होते, तो काय होता. आणि त्याची ती शांत नाडी, जिच्यावर सबनीस भाषणं ठोकत होते, ती कुणाची नाडी होती. खिडकीशी बसून बाहेर बघणाऱ्या प्रवाशाची. यंत्र खोटं बोललं नव्हतं. त्यानं नाडी बरोबर मोजली होती. विमान कोण चालवतंय, एवढंच त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

तो आला. जीपच्या उजेडातून विमान क्षणभर पांढरं चमकलं आणि काळोखात शिरलं. कॅप्टनांनी दोन्ही हात पाठीमागं बांधून घेतले होते.

नाक वर आलं. खूप वर आलं, नको तितकं. विमान हवेत थबकलं आणि दगडासारखं मागच्या चाकांवर कोसळलं. मग पुढचं चाक मोडल्याचा आवाज. नाकावरचा पंखा जमिनीवर घासून ठिणग्या उडाल्या. विमान गर्रकन फिरून धावपट्टी सोडून शेजारच्या तुरीत घुसलं. दिवे विझले.

आग लागली नाही.

मी जिना कसा उतरले ते आठवत नाही. तुरीतून धावताना माझ्या पुढं त्याची आई धावत होती, चपला सोडून.

नंतरचं थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही, फक्त संताप आहे. कॅप्टन उपासनींनी चौकशीत सगळं खरं सांगितलं आणि घरी बसले. सबनीस कुठंच बसले नाहीत, आणखी वर गेले. परख दुसऱ्या शाळांनी घेतली. म्हणे आता बटणाची गरज नाही, चाकावरचा जोरच मोजतात. मोजू देत. मला त्याच आठवड्यात काढलं. टॉवरच्या रेडिओवर परवानगी नसताना बोलले म्हणून. निनादला काढायची गरज पडली नाही, तो स्वतःच परत गेला नाही.

पण मला सांगायची आहे ती दुसऱ्या दिवशीची दुपार. जिल्ह्याच्या दवाखान्यात, वॉर्डात. त्याचा जबडा सुजलेला होता, वरच्या ओठाला टाके होते, एक हात प्लास्टरमध्ये. आई उशाशी मोसंबी सोलत होती. मी स्टुलावर बसले.

"सुके," तो म्हणाला. ओठ न हलवता बोलत होता. "इतक्या वेळा उतरलो मी. त्यातलं एखादं तरी माह्यं होतं का?"

खोटं बोलता आलं असतं. चार-पाच तुझी असतील रे, म्हणता आलं असतं. पण खोट्याचा आधार देऊन काय होतं ते मी आदल्या संध्याकाळी बघितलं होतं.

"कालचं," मी म्हणाले. "शेवटचं."

तो छताकडे बघत राहिला. मग त्याच्या सुजलेल्या डोळ्यांत काहीतरी आलं. मला वाटलं, राग असेल. राग नव्हता. त्यानं चांगला हात लांब करून आईचा पदर ओढला.

"आई, काल शेवटचं उतरलो नं मी, ते तू पाह्यलं का?"

आईनं मोसंबीची फोड त्याच्या ओठांशी नेली. टाके दिसले तशी परत खाली ठेवली.

"नाही रे बाबा," ती म्हणाली. "आधीचे सारे पाह्यले. त्या वक्ती डोये मिटून घेतले होते मी."

त्यानं पदर सोडला आणि भिंतीकडे तोंड केलं.